शुद्ध म्हणजे स्वच्छ नव्हे : हॉटेलच्या स्वयंपाकघराचा जातीय इतिहास



यंदा २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादन करून आम्ही दहा-बारा जण परत निघालो. रात्र झाली होती, पोटात कावळे ओरडत होते. जेवायला कुठे थांबायचे यावर गाडीत चर्चा सुरू झाली. आमच्यातला एक चांगला शिकलेला, चळवळीत दहा वर्षे काढलेला कार्यकर्ता म्हणाला, "ते बघा, पाटीवर शुद्ध शाकाहारी लिहिलंय. तिथंच थांबू. निदान स्वच्छ तरी असेल."

गाडी थांबली. समोरच्या बेसिनला पाणी नव्हते म्हणून मी हात धुवायला मागे गेलो. मोरीपाशी बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा उकिडवा बसून ताटे धूत होता. धूत कसला, एकाच टबातल्या तेलकट पाण्यात ताट बुचकळायचे, काळ्या फडक्याने पुसायचे आणि थप्पीवर ठेवायचे. शेजारी चेंबरचे झाकण अर्धवट उघडे. त्याच्या कडेने एक घूस निवांत फिरत होती. मी त्या पोराला नाव विचारले. त्याने नाव सांगितले, पण आडनाव सांगायचे टाळले. ते का टाळले, हे तुम्हा-आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पुढे पाटीवर 'शुद्ध', मागे मोरीत हा प्रकार. आणि त्या 'शुद्ध' शब्दावर विश्वास ठेवणारे आपणच, तेही चवदार तळ्यावरून येताना. त्या रात्रीपासून हा लेख डोक्यात घोळतो आहे. 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे दोन शब्द एकच आहेत असे आपल्याला कोणी शिकवले? कधीपासून? त्यातून कोणाचा फायदा झाला आणि कोणाचा जीव गेला? आज याच प्रश्नांचा इतिहास मांडायचा आहे.

एकशे आठ घागरी

सुरुवात महाडपासूनच करू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे १९२४ साली जाहीर केले. पण कागदावरचे पाणी ओंजळीत आले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. दंगल झाली, परतणाऱ्या माणसांची डोकी फोडली गेली. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करायचे ठरवले. १०८ घागरी आणल्या. त्यांत दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवले. मंत्र म्हणत त्या घागरी तळ्यात बुडवल्या. झाले तळे शुद्ध!

आता थोडे थांबा आणि आजच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या नजरेने हे दृश्य बघा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र कालवले गेले, आणि त्याला नाव दिले शुद्धीकरण. ज्या माणसांनी ओंजळीने पाणी प्यायले, त्यांनी केला तो विटाळ. म्हणजे 'शुद्ध' या शब्दाचा पाण्याच्या आरोग्याशी काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो पाण्याला कोणी हात लावला याच्याशी. हे सिद्ध करायला आपल्याला वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. तो पुरावा सनातन्यांनी स्वतःच १०८ घागरी भरून दिला आहे.

"सोवळे म्हणजे त्या काळचे हायजिन"

कोरोनाच्या काळात एक जुना युक्तिवाद नव्याने फिरू लागला. "बघा, आमच्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे म्हणजे विज्ञानच होते. लांब राहणे, आंघोळ करून स्वयंपाकाला लागणे, कोणाचे उष्टे न खाणे. जगाने आज ते मान्य केले." आपले काही तरुणही अशा पोस्टपुढे निरुत्तर होतात. निरुत्तर व्हायचे कारण नाही. फक्त एक कसोटी लावा.

स्वच्छतेचा नियम माणूस कोण आहे हे बघत नाही. हात घाणेरडे असतील तर साबणाने धुवा. धुतले की हात स्वच्छ. मग तो हात कोणाचाही असो. सोवळ्याचा नियम उलटा आहे. भटजीचा हात न धुताही शुद्ध आणि महार, मांग, चांभार, भंगी यांचा हात सात वेळा धुतला तरी अशुद्ध. धुतल्यावर जातो तो मळ. धुतल्यावरही जो जात नाही, त्याला आरोग्यशास्त्रात नाव नाही, त्याला समाजशास्त्रात जात म्हणतात.

विज्ञानाने ही गोष्ट फार पूर्वी स्पष्ट केली आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्याला येऊन पटकीच्या जंतूचा अभ्यास केला. आजूबाजूचे लोक ज्या तलावाचे पाणी पीत, त्याच पाण्यात त्याला तो जंतू सापडला. पटकी कोणाच्या स्पर्शाने होत नाही. माणसाची विष्ठा पाण्यात मिसळली की होते, हे तेव्हाच कळले. याचा अर्थ, ज्या समाजाने गावाची घाण उचलली त्याने लोकांचा जीव वाचवला. आणि ज्याने लोकांचा जीव वाचवला त्यालाच पाण्याला हात लावायची बंदी!

स्वयंपाकघराचेच उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतली एक गोष्ट ऐका, कारण अन्न शिजवणाऱ्याच्या हाताबद्दल जगाने पहिला मोठा धडा तिथेच घेतला. मेरी मॅलन नावाची आयरिश स्थलांतरित बाई न्यूयॉर्क परिसरातल्या श्रीमंत घरांत स्वयंपाकीण होती. ती स्वतः ठणठणीत, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे म्हणजे टायफॉइडचे जंतू होते. ती जिथे जाई तिथे ताप पसरे. उकळलेल्या पदार्थांतून नव्हे, तर कच्ची फळे घालून केलेल्या आइस्क्रीमसारख्या पदार्थांतून. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर एकटे ठेवले. १९१० साली पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. पण धुणे धुऊन मिळणाऱ्या मजुरीत तिचे भागेना. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाला लागली आणि १९१५ साली एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना ताप येऊन दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत तिला त्या बेटावरून सोडले नाही. असे निरोगी वाहक इतरही सापडले होते, पण जन्मभराची कैद भोगली ती या एकट्या गरीब, परक्या बाईने.

यातून दोन धडे मिळतात. एक, जंतू हातावर असतो, कुळात नसतो. शौचाहून आल्यावर साबण आणि वाहते पाणी मिळाले तर तो हातावरून जातो. दुसरा, सरकारने त्या बाईला पोट भरेल असे दुसरे काम दिले नाही आणि मग दोष सगळा तिच्या माथी मारला. कामगाराला सोयी न देता त्यालाच घाणेरडा म्हणायचे, ही रीत सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडे तिला धर्माचा आधार मिळाला, एवढाच फरक.

मुंबईचे हॉटेल आणि गिरणीचा धोटा

आपल्याकडे हॉटेल ही जागाच मुळात जातिव्यवस्थेला अडचणीची होती. गावात कोण कोणाच्या घरी जेवतो हे ठरलेले. शहरात मात्र स्टेशन, बाजार, गिरणी, गोदी यांच्या आसपास अनोळखी माणसे एका छपराखाली बसून खाऊ लागली. चूल कोणाची, पाणी कोणाचे, आधी या कपाला कोणी ओठ लावले, काहीच माहीत नाही. जातीची भिंत चहाच्या कपाने पडते की काय, अशी भीती धर्ममार्तंडांना वाटू लागली.

मग त्या भिंतीची डागडुजी सुरू झाली. रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे झाले. उपाहारगृहे वेगळी झाली. दक्षिणेत हॉटेलांच्या पाटीवर 'ब्राह्मण' हा शब्द मिरवू लागला. मद्रासमध्ये पेरियारांच्या अनुयायांना १९५७ साली, म्हणजे संविधान लागू होऊन सात वर्षे झाल्यावरही, एका कॅफेच्या पाटीवरचा तो शब्द काढण्यासाठी निदर्शने करावी लागली. मुंबईत गिरणगावातल्या खाणावळीही बहुतेक गाववार आणि जातवार होत्या.

गावच्या टपरीवर तर सरळ नियम होता. आपल्यासाठी कान तुटलेला कप बाहेर छपराला किंवा कुडाला अडकवलेला. तो आपणच घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच धुवून परत ठेवायचा आणि पैसे लांबून टाकायचे. गंमत बघा, पैशाला विटाळ नव्हता. ही गोष्ट फार जुनी समजू नका. ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेची ११ राज्यांतल्या ५६५ गावांत झालेली पाहणी २००६ साली पुस्तकरूपाने आली. त्यातही चहाच्या टपऱ्यांवर वेगळी भांडी आणि वेगळी बसण्याची जागा आढळली.

गिरणीतला प्रकार तर याहून बोलका. अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसरा कामगार तोंडाला लावणार, मग सवर्ण कामगार बाटणार. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात जाहीरपणे मांडला. आता याच धोट्याकडे आरोग्याच्या नजरेने बघा. तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत क्षयासारखे रोग पसरवते म्हणून विलायत-अमेरिकेत डॉक्टर आणि कामगार तिला विरोध करत होते. त्यांची मागणी होती, कोणीच धोटा तोंडाला लावू नये, मालकाने हाताने भरायचा धोटा द्यावा. आपल्याकडची मागणी काय होती? सगळ्यांनी एकमेकांची थुंकी खुशाल चाखावी, फक्त महाराची नको!

क्षयाचा जंतू चालेल, माणूस चालणार नाही. यालाच आपल्याकडे शुद्धता म्हणतात.

गंगाराम कांबळे यांचा चहा

या इतिहासात आपली बाजू केवळ मार खाण्याची नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे नाव प्रत्येक भीमसैनिकाला माहीत असले पाहिजे. ते राजवाड्यात चाकरीला होते. सवर्णांसाठी असलेल्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'.

हॉटेल नीटनेटके, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः आपला लवाजमा घेऊन तिथे थांबू लागले. गाडीतूनच "गंगाराम, चहा आण" म्हणून हाक द्यायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजायचे. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारायची हिंमत कोणाची?

लक्षात घ्या, गंगारामांच्या हॉटेलात कमी होती ती स्वच्छतेची नव्हती. कप धुतलेले होते, पाणी ताजे होते. तरीही ते 'अशुद्ध' होते. आणि महामार्गावरचे ते हॉटेल, जिथे एकाच टबात सगळी ताटे बुचकळली जातात, ते 'शुद्ध' आहे. शंभर वर्षांच्या अंतरावरची ही दोन हॉटेले शेजारी शेजारी ठेवली की आपला सगळा विषय कळतो.

१ जून १९५५

बाबासाहेबांनी हा प्रश्न संविधानात नेला. त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. बरोबर खायचा डबा होता, पण वाटेत पाणी द्यायला कोणी तयार नव्हते. समोर अन्न असून पाण्याविना ती मुले उपाशी झोपली. स्वच्छ पाण्याशिवाय अन्न हे अन्न नसते, हे सूत्र त्यांना कोणत्या प्रयोगशाळेत शिकावे लागले नाही.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातल्या फार थोड्या संविधानांना हॉटेलचा आणि विहिरीचा उल्लेख करावा लागला असेल. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि ती अमलात आणण्यासाठी अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ आला, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला आहे. तो फुटका कप थेट कायद्यात आला!

हा कायदा लागू झाला १ जून १९५५ रोजी. आणि त्याच दिवशी, होय, त्याच १ जून १९५५ रोजी, अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही देशात लागू झाला. एकाच दिवशी या देशाने दोन गोष्टी मान्य केल्या. ताटातले अन्न निर्भेळ असले पाहिजे आणि ताट सगळ्यांसाठी एक असले पाहिजे. हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण योगायोग आहे. आपल्या दृष्टीने अन्नसुरक्षा या शब्दाला हे दोन पाय आहेत. एक पाय तोडला तर दुसऱ्यावर ती उभी राहत नाही.

पुढे काय झाले? दोन कायदे दोन खात्यांकडे गेले. अन्न निरीक्षक दुधाचे, तिखटाचे, तेलाचे नमुने घेऊ लागला. कपबशीची तक्रार पोलीस ठाण्यात गेली आणि बहुतेक वेळा तिथेच मुरली. आणि मोरीपाशी कोण बसतो, त्याला साबण मिळतो का, त्याचे वय काय, हा प्रश्न दोघांच्याही टेबलावर आला नाही.

स्वयंपाकघराची मागची बाजू

२००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. २०११ पासून त्याचे परवाना-नोंदणीचे नियम लागू झाले. त्यातले परिशिष्ट ४ प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावे. पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, वाहती गटारे, अन्न हाताळणाऱ्यांसाठी शौचालय, हात धुवायची सोय, त्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, जखम किंवा जुलाब असलेल्याला कामापासून दूर ठेवणे, हे सगळे त्यात आहे. त्यात 'शुद्ध' हा शब्द जातीच्या अर्थाने कुठेही नाही. कायदा हात बघतो, आडनाव बघत नाही. बाबासाहेबांच्या वाटेवरचा हा कायदा आहे.

पण अंमलबजावणी? जुलाब झालेल्या पोराला सुट्टी दिली तर त्याचा त्या दिवसाचा पगार कोण देणार? पगार कापला जाणार असेल तर तो पोटदुखी लपवून पीठ मळायला उभा राहणारच. मेरी मॅलनने जे केले तेच. शौचालय नसेल तर तो हॉटेलमागच्या झुडपात जाणारच, आणि तिथून थेट भट्टीपाशी येणारच. हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, तरी तो पोरगा मोरीपाशी आहेच. गिऱ्हाइकाचे पोट बिघडते ते याच साखळीतून. म्हणजे कामगाराचा हक्क आणि गिऱ्हाइकाचे आरोग्य या दोन गोष्टी नाहीतच, ती एकच गोष्ट आहे.

आणि सगळ्यात शेवटी हॉटेलच्या पोटाखालची टाकी. जून २०१९ मध्ये गुजरातेत बडोद्याजवळ डभोई तालुक्यात एका हॉटेलची मैल्याची टाकी साफ करताना सात माणसे गुदमरून मेली. चार सफाई कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेले तीन हॉटेल कर्मचारी. वरच्या हॉलमध्ये लोक जेवून गेले असतील, स्वच्छतेचे कौतुकही करून गेले असतील. ती स्वच्छता खाली या सात जणांच्या नाकातोंडात गेली. माणसाला अशा टाकीत उतरवायला बंदी करणारा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. तो ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. तारीख बघा, महापरिनिर्वाण दिन. तरीही माणसे मरत राहिली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली. मशीन लावायला त्याहून फार कमी पैसा लागतो. पण मशीन विकत घ्यावे लागते आणि जात फुकट मिळते.

पाटी बदलली, विचार तोच

आता कोणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास झाला. तर मग अलीकडचे बघू.

सप्टेंबर २०१७. पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. आरोप काय? अन्नातून विषबाधा? नाही. जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला, हा आरोप. गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. इतके दिवस ते अन्न घरात सगळ्यांनी आवडीने खाल्ले होते, कोणाचे पोट दुखले नव्हते. दुखले ते जात कळल्यावर.

१९ मार्च २०२४. झोमॅटो कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला, हिरव्या कपड्यांतला. देशभर टीका झाली. लाल कपड्यांतल्या पोरांना सोसायट्यांच्या दारात अडवले जाईल, हे लोकांनी लक्षात आणून दिले. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या रंगाच्या कपड्यांचा निर्णय मागे घ्यावा लागला. तो दुसरा दिवस होता २० मार्च.

जुलै २०२४. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकाची आणि नोकरांची नावे पाटीवर लावावीत असे फर्मान निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अन्न कोणते आहे ते सांगा, नावे सांगायची सक्ती नको, असे न्यायालयाने म्हटले. नावाच्या पाटीने कोणता जंतू मरतो?

आणि शाकाहार म्हणजे आपोआप सुरक्षित, हा तर निव्वळ गैरसमज. २०११ साली जर्मनीत जुलाबाची भयंकर साथ आली. हजारो आजारी पडले, पन्नासहून अधिक मेले. मांसावर संशय घेऊन झाला, काकडीवर घेऊन झाला. शेवटी सापडले काय? मोड आलेले धान्य, आणि तपास पोहोचला मेथीच्या दाण्यांपर्यंत. साधा भात घ्या. शिजवल्यावर तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तो भात सोवळ्यात शिजवला होता की ओवळ्यात, याची भाताला खबर नसते. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवा, एवढेच शास्त्र सांगते. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, शाकाहाराशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते भाजीच्या आड लपवलेल्या 'शुद्ध' या शब्दाशी.

मग आपले काय?

एक प्रामाणिक प्रश्न आपल्यातले काही जण विचारतात. स्वच्छतेच्या नावाने आपल्याला शतकानुशतके हिणवले, मग आपण कशाला स्वच्छतेचा झेंडा घ्यायचा?

उत्तर महाडमध्येच आहे. १९२७ च्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना खडसावून सांगितले होते की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा. तो त्यांचा अन्नसुरक्षेचा कार्यक्रम होता आणि स्वाभिमानाचाही. सवर्णांना खूश करण्यासाठी त्यांनी ते सांगितले नाही. सडलेले अन्न आपल्या वाट्याला येणे हाच अन्याय आहे, म्हणून सांगितले.

त्याही मागे गेलो तर तथागत आहेत. सुत्तनिपातातल्या आमगंध सुत्तात दुर्गंधी कशाला म्हणावे ही चर्चा आहे. मांस खाणे ही दुर्गंधी नव्हे, हिंसा, चोरी, खोटेपणा ही खरी दुर्गंधी, असा त्याचा आशय. आणि विनयपिटकात जुलाबाने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. कोणी त्याच्याजवळ जाईना. तेव्हा बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. तिथे स्पर्श टाळणे म्हणजे शुद्धता नव्हती. स्पर्श करून धुणे म्हणजे स्वच्छता होती. स्वच्छतेचा वारसा आपला आहे, शुद्धतेचा त्यांचा.

म्हणून तरुणांनो, हॉटेलात गेल्यावर पाटी वाचू नका, मोरी बघा. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का बघा. मोरीला वाहते पाणी आहे का, कामगाराला साबण, शौचालय आणि आजारपणाची पगारी सुट्टी आहे का, विचारा. लहान मूल दिसले तर गप्प बसू नका, पण तक्रार मालकाची करा, पोराची नोकरी घालवून मोकळे होऊ नका. त्याच्या शाळेची सोय लागेपर्यंत पाठपुरावा करा. टाकी साफ करायला माणूस उतरवलेला दिसला तर तिथेच काम थांबवा. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि आपली जी मुले-मुली खानावळ, गाडा, केटरिंग चालवतात त्यांच्याकडे मुद्दाम जेवायला जा, त्यांना परिशिष्ट ४ समजावून द्या. आज आपल्यात महाराजा नाही, पण गंगारामाच्या दारात थांबणारी गाडी आपण नक्की होऊ शकतो.

त्या रात्री आम्ही जेवण न करताच उठलो. बारा जणांपैकी दोघांनी मालकाला जाब विचारला, एकाने मोरीचे आणि टबाचे फोटो काढले. पोराचा चेहरा फोटोत येऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारी गेल्या, एक अन्न खात्याकडे आणि एक बालकामगाराबद्दल कामगार खात्याकडे. 'शुद्ध' पाटी पाहून थांबू म्हणणारा तो कार्यकर्ता आता त्यांचा पाठपुरावा करतो आहे. निघताना तो मला एवढेच म्हणाला, "तळ्याला अभिवादन केलं, पण तळं डोक्यात शिरायला मोरीपाशी जावं लागलं."

जय भीम! जय संविधान!